केरसुणीचा मान

परक्याच्या घरी राहण्याचे दोन प्रकार आहेत. एकात घर आपणांस सांभाळते. दुसऱ्यात आपणही घरास थोडेबहुत सांभाळतो. पहिल्यात सुख अधिक, असा सर्वसाधारण समज आहे. पन्नाशी उलटेपर्यंत आमचाही तोच होता.

तीन वर्षांपूर्वी अध्ययनाच्या निमित्ताने जर्मनीतील स्टुटगार्ट शहरी सहा महिने राहण्याचा योग आला. एका वृद्ध दांपत्याने तिसऱ्या मजल्यावरील आपल्या बिऱ्हाडातली एक खोली आम्हांस दिली. शहर पाहून जीव थोडा विसावला. कारण आमच्या जुन्नराप्रमाणेच तेही डोंगरांच्या कुशीत वसलेले आहे, आणि नारायणगावच्या बाजूस दिसतात तसे द्राक्षांचे मळे तेथे उतारांवरून थेट वस्तीपर्यंत येतात. जोडे दाराशी काढण्याची चालही ओळखीचीच निघाली. मात्र पाहुण्यासाठी निराळ्या सपाता मांडून ठेवलेल्या होत्या.

त्या सपाता आम्हांस सहा आठवडे टोचत राहिल्या. उणे असे काहीच नव्हते. सायंकाळी पाव, चीज व लोणच्यातली काकडी पुढे येई, आणि आम्ही उठण्यापूर्वीच ताट उचलले जाई. भर थंडीत चार मिनिटे खिडक्या उघडून घरातील हवा बदलण्याची तेथे रीत आहे. पण खिडकीस हात लावण्याचे धैर्य आम्हांस होईना. रात्री दहानंतर आम्ही खोकलादेखील उशीत दाबीत असू. घरी लिहिलेल्या पत्रांत 'सर्व सोय उत्तम' असे लिहीत होतो, व ते खरेही होते. मग ग्रंथालयाचे दार बंद होईपर्यंत परत जाण्यास पाऊल का उचलत नव्हते, ते आमचे आम्हांस कळेना.

कळले ते एका पाटीमुळे. त्या प्रांतात 'केरवोखे', म्हणजे झाडण्याचा आठवडा, या नावाची जुनी रीत आहे. इमारतीतील बिऱ्हाडांनी आळीपाळीने जिना झाडून पुसावयाचा. ज्यांची पाळी असेल त्यांच्या दाराशी तशी पाटी लटकते. एका शनिवारी पाटी आमच्या दारी होती, यजमान परगावी गेले होते, आणि यजमानीणबाईंचा गुडघा सुजला होता. आम्ही काही न विचारता झाडू व बादली घेऊन जिना उतरलो. थोड्या वेळाने बाई दाराशी आल्या. आता त्या 'नको, नको' म्हणणार, या अपेक्षेने आम्ही विनयाचे उत्तर जुळवीत होतो. त्यांनी जिना नीट न्याहाळला व म्हणाल्या, "कोपरे राहिले."

त्या दोन शब्दांनी आम्हांस जे समाधान दिले, ते कोणत्याही पाहुणचाराने दिले नव्हते. आम्ही कोपरे पुसले. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडावयास त्यांनी आम्हांसच सांगितले.

त्या रात्री मात्र झोप आली नाही. आमच्या लहानपणी, आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एक मुलगा शिक्षणासाठी जुन्नरास आमच्या घरी तीन वर्षे होता. तो आमच्याच वर्गात. आई त्याला पोटच्या मुलासारखे वाढी. एकदा तो पहाटे उठून पाण्याची कळशी भरून घेऊन आला. आईने ती त्याच्या हातून काढून घेतली. "अरे, तू पाहुणा. तू आपला अभ्यास कर." पुन्हा त्याने कळशीस हात लावला नाही. त्याच दारातून आम्ही रोज दोन कळशा आणीत होतो, आणि त्याचा हेवा करीत होतो! दहावी होताच तो गेला, तो पुन्हा फिरकला नाही. पुढे डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले, त्यासोबत त्याचेही गाव गेले; आम्ही हळहळलो, पण त्यास शोधले नाही. मनात त्याला आम्ही कृतघ्न ठरविले होते.

जुन्नरच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघास भोजनमंडप दिला, असे त्यांत कोरलेले आहे. दानधर्माचे उदाहरण म्हणून हे लेख आम्ही विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षे सांगत आलो. आता त्यांत दुसरीच गोष्ट दिसते. पाणी पाजण्याचा व पंगत बसविण्याचा हक्क त्या परक्यांस येथे मिळाला. 'राहू द्या, तुम्ही पाहुणे' असे त्यांस कोणी म्हटले नाही.

परतल्यावर आम्ही त्या मित्राचा शोध घेतला. घोडेगावाजवळ त्याचे घर आहे. नाचणीची भाकरी व पिठले असे जेवण झाले. आई गेल्याचे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. जेवण होताच आम्ही आपले ताट उचलून मोरीकडे निघालो. "अहो भाऊजी, राहू द्या!" म्हणत वहिनी धावल्या.

"घासू दे त्याला," तो म्हणाला; आणि घासणी कोठे ठेवली आहे, तेही त्यानेच सांगितले.