कोगनोळी : नकाशावर व भूमीवर
मुलांस भूगोल शिकवावयाचा तर कोगनोळीसारखे गाव नाही. उत्तरेस कागल, दक्षिणेस निपाणी, जवळून पुणे-बंगळूर हमरस्ता : हे गावाचे स्थान. ते कधी ढळले नाही. मात्र १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्ह्याबरोबर गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. ज्या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, त्यावर अर्धा मिलिमीटर जाडीची सीमारेषा भूमीवरील पंचवीस मीटर जागा झाकते. तेवढ्या जागेत एखाद्या शेतकऱ्याचे अंगण सहज मावेल! म्हणून, पालकहो, मुलांस नकाशा अवश्य दाखवा. मग सीमेवर नेऊन पलीकडचा शेजारीही दाखवा. त्याच्यावर प्रीती करण्याची प्रभूची आज्ञा रेषेपाशी थांबत नाही.