सॉक्स: व्हाइट हाउस सुटल्यानंतरची आठ वर्षे

सॉक्स हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या घरचा बोका. अंगाने काळा, छातीला आणि पायांना पांढरा. पायांत मोजे घातल्यासारखा दिसे, म्हणून हे नाव पडले. त्याचा जन्म १९८९च्या सुमारास झाला. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात तो उघड्यावर वाढत होता, कोणाचाच नव्हता. १९९१ मध्ये, क्लिंटन त्या राज्याचे गव्हर्नर असताना, त्यांची मुलगी चेल्सी पियानोची शिकवणी आटोपून निघाली होती. शिक्षिकेच्या घराबाहेर भावंडाशी खेळणाऱ्या या बोक्याने थेट तिच्या हातांत उडी घेतली. भावंडाला दुसरे घर मिळाले आणि सॉक्स गव्हर्नरच्या बंगल्यात राहायला गेला.

प्रसिद्धी त्याच्या वाट्याला आली ती त्याने न मागता. नोव्हेंबर १९९२ मध्ये क्लिंटन निवडून आल्यावर छायाचित्रकारांनी या बोक्याला फुटपाथवरच गाठले; काहींनी तर त्याच्या उंचीवर येण्यासाठी जमिनीवर लोळण घेतली. शेवटी त्याला सोडा, असे खुद्द क्लिंटन यांना सांगावे लागले. व्हाइट हाउसमध्ये त्याला मोकळे सोडता येत नसे. हिरवळीवर तो लांब दोरीला बांधलेला असे. गल्लीत वाढलेल्या बोक्याला ही बढती कितपत मानवली असेल, याची शंका येते. शाळकरी मुले त्याला पत्रे लिहीत, त्याच्या नावाने उत्तरेही जात. १९९५ मध्ये डॅन बर्टन या काँग्रेस सदस्यांनी या पत्रव्यवहारासाठी लागणारे कागद, तिकिटे आणि मनुष्यबळ यांचा हिशेब मागितला. मांजराच्या टपालखर्चावरही लोकप्रतिनिधी प्रश्न विचारतो, हे त्या देशाला शोभणारेच. पुढे हिलरी क्लिंटन यांनी मुलांच्या निवडक पत्रांचे पुस्तक १९९८ मध्ये काढले. त्यात सॉक्सला एक भागीदार होता.

तो भागीदार म्हणजे डिसेंबर १९९७ मध्ये आणलेले बडी हे चॉकलेटी रंगाचे लॅब्राडोर पिल्लू. या दोघांचे कधीच जमले नाही. पिल्लू खेळायला धावे आणि सॉक्स पाठीची कमान करून फिस्कारे. पश्चिम आशियातल्या वैऱ्यांना एका टेबलाशी बसवणे या दोघांच्या समेटापेक्षा सोपे, असे क्लिंटन विनोदाने म्हणत.

जानेवारी २००१ मध्ये मुक्काम हलला. बडी क्लिंटन कुटुंबाबरोबर न्यूयॉर्क राज्यातल्या चॅपाक्वा गावी गेला आणि सॉक्स क्लिंटन यांच्या सचिव बेटी करी यांच्याकडे. यावरून पुढे बरीच टीका झाली. गरज असेपर्यंत मांजर मिरवले, घर रिकामे करताना दुसऱ्याच्या हवाली केले, असे लिहिले गेले आणि राजकीय विरोधकांना ते सोयीचेही होते. टीकेत तथ्य अर्धेच आहे. कुत्रा माणसांना धरून असतो आणि मांजर घराला, असे आपल्याकडे म्हणतात. इथे ते घरच हातचे गेले होते. अकरा-बारा वर्षांच्या बोक्याला पुन्हा त्याच कुत्र्याबरोबर नव्या जागी नेण्यापेक्षा ओळखीच्या माणसाकडे ठेवणे जास्त शहाणपणाचे होते. करी यांचे टेबल राष्ट्राध्यक्षांच्या दालनाबाहेरच असे आणि सॉक्सचा तिथे वावर होता. बडी मात्र वर्षभरातच, जानेवारी २००२ मध्ये, मोटारीखाली सापडून मेला.

करी दांपत्य मेरीलँड राज्यातल्या हॉलिवूड या छोट्या गावी राहत असे. सिनेमाच्या हॉलिवूडशी त्याचा काही संबंध नाही. सॉक्स तिथे साध्या पाळीव मांजरासारखा राहिला. २००४ मध्ये करी यांच्याबरोबर तो अँड्र्यूज हवाई तळावरच्या एका भोजन समारंभाला गेला. असे जाहीर दर्शन तोवर दुर्मीळ झाले होते. व्हाइट हाउसमध्ये तो आठ वर्षे होता आणि करी यांच्या घरीही आठच. फरक इतकाच, की पहिली आठ वर्षे त्याच्या दिमतीला कर्मचारी होते. दुसरी आठ म्हातारपणाची होती आणि त्यांचा भार एका घरावर पडला. थायरॉइड बिघडला, वजन उतरले, केस गळू लागले, मूत्रपिंडांनी त्रास दिला. म्हाताऱ्या मांजरांत ही दुखणी नेहमीची आहेत. थायरॉइड वाढलेले मांजर भरपूर खाते आणि तरीही वाळत जाते. म्हणून खाणे चांगले चालले आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. रोजची औषधे, वजनावर लक्ष, पाणी किती प्यायले याची नोंद, हे सगळे घरच्यांनाच करावे लागते.

डिसेंबर २००८ मध्ये सॉक्सला जबड्याचा कर्करोग झाल्याची बातमी आली. वीस वर्षांचे मांजर म्हणजे माणसाच्या हिशेबात नव्वदी ओलांडलेले. या वयात मोठे उपचार करायचे नाहीत, असे ठरले. जबड्याच्या कर्करोगात मांजराला खाणे अवघड होते आणि खाणे सुटले की ते झपाट्याने खंगते; भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया अशा देहाला बहुधा पेलत नाही. उपचार नाकारणे म्हणजे हात झटकणे नव्हे. दुखणे कमी ठेवायचे आणि कधी थांबायचे ते वेळीच ठरवायचे, हीसुद्धा शुश्रूषाच असते. २० फेब्रुवारी २००९ रोजी सॉक्सला दयामरण देण्यात आले. यात पशुवैद्य भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून देतो. आधी शुद्ध हरपते, मग काही मिनिटांत श्वास आणि हृदय थांबते.

क्लिंटन कुटुंबाने काढलेल्या निवेदनात सॉक्सने दिलेल्या आनंदाची आठवण होती आणि इतकी वर्षे माया लावून सांभाळल्याबद्दल बेटी करी यांचे खास आभार मानले होते. ते आभार योग्य जागी होते. चरित्रात सॉक्स क्लिंटन यांचा असला तरी त्याचे म्हातारपण करी यांनीच निभावले.

त्याच सुमारास, ४ जानेवारी २००९ रोजी, बुश कुटुंबाची काळी मांजरीही वारली होती. तिचे नाव इंडिया, आणि त्या नावावरून २००४ मध्ये केरळात निदर्शने झाली होती. या दोघांनंतर व्हाइट हाउसमध्ये मांजर आले ते थेट २०२२ मध्ये, बायडन दांपत्याची विलो.