हिरवा दिवा

श्रावणात कानबाईला चिरंजीव पुण्याहून पारोळ्याला आले ते एक सूनबाई, एक नात, दोन बॅगा आणि एक लॅपटॉप एवढा सरंजाम घेऊन. बाकीच्यांची सोय लगेच लागली. लॅपटॉपला मात्र मोबाईलची रेंज येते अशी जागा हवी होती, आणि तशी जागा आमच्या घरात एकच : देवघर आणि माळ्याचा जिना यांच्या मधली. तेव्हा एका अंगाला कानबाई आणि दुसऱ्या अंगाला चिरंजीवांचं ऑफिस, अशी दोन्ही दैवतं शेजारी शेजारी बसली.

रात्री साडेबाराच्या सुमारास आमच्या हिनं मला गदागदा हलवून उठवलं.

"अहो, उठा! पोराच्या छातीचं काहीतरी झालंय. पेसमेकर, पेसमेकर म्हणतोय!"

मी अंधारात कान दिला. चिरंजीव फोनवर कोणाला तरी सांगत होते, "हार्टबीट बंद पडलेत ना? पेसमेकर काय दाखवतोय?... मग वाट कसली बघतोस? घाल गोळी. आधी त्याला मार, आणि त्याच्याकडचं सगळं दुसऱ्याच्या गळ्यात टाक."

पहिल्या वाक्याला हिनं डोळ्यांना पदर लावला होता. शेवटच्या वाक्याला तो तोंडात कोंबला. लहानपणी झुरळ दिसलं तर खाटेवर चढून बसणारा हा मुलगा!

खुलासा सकाळी चहाबरोबर झाला. चिरंजीवांच्या कंपनीत पैशांचा हिशेब ठेवणारे मोठाले संगणक आहेत. एकावर भिस्त ठेवली आणि तो झोपला तर दुकानच बंद. म्हणून दोन-तीन जोडून ठेवायचे. त्या कुटुंबाला क्लस्टर म्हणतात. त्यांनी एकमेकांना क्षणोक्षणी 'मी आहे, मी आहे' असं सांगत राहायचं. याच ठोक्यांना हार्टबीट म्हणतात, आणि लिनक्सवर हे काम करणारा 'हार्टबीट' याच नावाचा प्रोग्राम १९९८ साली सुरू झाला. त्याच्याच पोटी पुढे 'पेसमेकर' जन्मला. एकाचे ठोके थांबले की त्याचं काम दुसऱ्याकडे सोपवायचं, हा त्याचा उद्योग. आणि हा सगळा संसार चित्रात दाखवणारे निरनिराळे प्रोग्राम असतात. चिरंजीवांचा होता तो सुसे या जर्मनीत जन्मलेल्या कंपनीचा. त्याचं नाव 'हॉक', म्हणजे ससाणा.

"पूर्वी काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून सगळं विचारावं लागायचं, आप्पा. अजूनही विचारता येतं. पण रात्री दोनला झोपेतून उठलेल्या माणसाला ओळी वाचवत नाहीत. रंग मात्र लगेच दिसतो," असं म्हणून त्यानं पडदा माझ्याकडे फिरवला.

पडद्यावर चौकटी होत्या आणि चौकटीत दिवे. सगळेच्या सगळे हिरवे.

"अरेरे!" मी म्हणालो. "सगळंच बंद पडलंय की रे!"

इथं मला वाचकांपुढे माझी पार्श्वभूमी मांडायला हवी. मी वीज मंडळात उपकेंद्रावर ऑपरेटर म्हणून ३४ वर्षं काढली. समोर पॅनेल, पॅनेलवर दिवे. ब्रेकर चालू असला की लाल दिवा, बंद असला की हिरवा. लाल म्हणजे लाइन जिवंत आहे, हात लावाल तर तुम्ही जिवंत राहणार नाही. हिरवा म्हणजे लाइन मेलेली आहे, खुशाल जवळ जा. ३४ वर्षं मी लाल दिवे बघून निश्चिंत झोपलो (म्हणजे बसलो) आणि हिरवा दिसला की धावलो. चिरंजीवांच्या धंद्यात हिरवा म्हणजे जिवंत आणि लाल म्हणजे मेलं. एका पिढीत रंगांनीसुद्धा पक्षांतर केलं म्हणायचं!

पण रंग सोडले तर बाकी सारं मला ओळखीचं वाटायला लागलं. त्यांच्यात म्हणे 'पाच नव्वे' हा मोठा मान असतो, म्हणजे ९९.९९९ टक्के वेळ काम चालू. हिशेब केला तर वर्षाकाठी सव्वापाच मिनिटं बंद ठेवायची मुभा. सव्वापाच मिनिटं! आमची तेवढी तर बॅटरी सापडण्यात जायची आणि तीत सेल नाहीत हे कळण्यात आणखी तेवढीच.

"आणि ते गोळी घालणं?" हिनं मूळ मुद्दा सोडला नव्हता.

"त्याला स्टोनिथ म्हणतात, आई. दुसऱ्या यंत्राच्या डोक्यात गोळी घाला, या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरं. समजा, दोन संगणकांमधली तार तुटली. दोघेही धडधाकट, पण दोघांनाही वाटणार की समोरचा गेला. मग दोघेही कारभार हातात घेणार आणि एकाच वहीत दोघं लिहायला लागणार. वहीची वाट! याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. म्हणून काम हाती घेण्याआधी दुसऱ्याची वीज तोडून तो खरोखर बंद झाल्याची खात्री करायची."

मला हे फार पटलं. लाइन बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय वायरमननं खांबावर चढायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. नुसतं 'गेली असेल' म्हणून चढलेली माणसं परत उतरत नाहीत, उतरवावी लागतात.

"पण दोघंच असले तर खरं कोणाचं मानायचं?" मी विचारलं.

"तोच तर घोळ आहे. दोघांत बहुमत होत नाही. म्हणून तिसरं एक मत बाहेर कुठंतरी ठेवतात."

मी हिच्याकडे बघितलं. आमचं घरही दोघांचंच. पण इथं बहुमताचा प्रश्न कधी आला नाही, कारण दोन्ही मतं पहिल्यापासून हिच्याकडेच आहेत.

मग मी ३४ वर्षं मनात ठेवलेला प्रश्न विचारला. "हिरवा दिवा लागला म्हणजे आत सगळं ठीक असतं का रे?"

चिरंजीव हसले. "नाही. तपासणी वरवरची असते तशी खोलवरचीही असते. वरवरची म्हणजे 'आहेस का?' 'आहे.' झालं, हिरवा. प्रत्यक्ष काहीतरी काम करायला लावून बघणं म्हणजे खोलवरची. तिला वेळ लागतो, ताण पडतो, म्हणून पुष्कळ जण वरवरचीवर भागवतात."

तात्पर्य, आमच्या पारोळ्याच्या किल्ल्यावर हा ससाणा सोडला तर काय होईल? हरी सदाशिव दामोदर या जहागीरदारांनी १७२७ साली बांधलेला भुईकोट. बुरूज आहेत? आहेत. तट आहे? आहे. खंदक? तोही आहे. हिरवा! आतली शिबंदी जाऊन दीडशेहून अधिक वर्षं झाली, हे विचारलं कोणी?

आणि मला माझी लॉगशीट आठवली. उपकेंद्रात दर तासाला मीटर बघून आकडे लिहायचे असत. रात्रपाळीला एक वाजता मी एकाचे आकडे लिहीत असे. त्याच शाईत दोनचे, तीनचे आणि चारचेही. उगाच एखादा आकडा इकडे-तिकडे करायचा, म्हणजे खरं वाटतं. सकाळी साहेब सही करून म्हणत, "वा! एकही तास चुकला नाही." देवाची कृपा, की त्या रात्रींत काही घडलं नाही. पण घडलं असतं तर कागदावर नसतंच घडलं. हे मी चिरंजीवांना सांगितलं नाही. बापाची अब्रू हीसुद्धा चालू ठेवण्याची गोष्ट असते.

कानबाई उठल्या आणि मंडळी पुण्याला परतली. जाताना ठरलं, की रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल. "हे आपलं हार्टबीट," चिरंजीव म्हणाले.

महिनाभरानं घात झाला. ३३ हजार व्होल्टच्या शेजारी उभा जन्म काढलेला मी न्हाणीघरातला नऊ वॅटचा बल्ब बदलताना स्टुलावरून पडलो. डावं मनगट मोडलं. प्लास्टर झालं. दुखण्यापेक्षा लाज जास्त. विजेच्या माणसानं बल्बापायी पडावं! "पोराला कळवू नका, धावत येईल," असं ही म्हणाली आणि मी तो ठराव तत्काळ मंजूर केला. रोज रात्री नऊला मी फोन उजव्या हातात असा धरी की छातीखालचं काही दिसू नये.

"कसे आहात, आप्पा?"

"ठीक आहे."

"आई?"

"ठीक आहे."

हिरवा. असे बावीस दिवस हिरवे गेले. एकाचा, दोनचा, तीनचा आणि चारचा आकडा एकाच शाईत.

तेविसाव्या दिवशी परतीचा पाऊस कोसळला. संध्याकाळी वीज गेली आणि माझ्या मोबाईलची बॅटरी संपली. हिचा मोबाईल दुपारीच धुण्याच्या बादलीत पडला होता आणि तांदळाच्या डब्यात विश्रांती घेत होता. आम्ही मेणबत्तीत जेवून साडेआठला झोपलो. दोघेही धडधाकट. फक्त तार तुटली होती.

रात्री अकराला दार हादरायला लागलं. आणखी दोन धक्के बसले आणि कडी खिळ्यांसकट आत आली. मागोमाग शेजारचे नाना, हातात पहार.

"आबा! तुमी बठ्ठा बरा शेतस ना?" नानांचा आवाज कापत होता. "तुमना आंडोरना फोन उना. दोन घंटा व्हयनात, कोणी उचलत नही म्हने!"

नानांच्या दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर चिरंजीवांचा चेहरा होता. इतका पांढरा चेहरा मी त्याच्या दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. मी गडबडीनं "अरे, ठीक आहे, सगळं ठीक आहे" म्हणत हात हलवला. नेमका डावा. नानांच्या बॅटरीच्या झोतात माझं प्लास्टर देवळाच्या कळसासारखं झळकलं.

त्या रात्री दोन गोष्टी एकदमच उघड झाल्या. ठोके थांबले म्हणून माणूस गेला असं नाही, आणि ठोके येत होते म्हणून माणूस बरा होता असंही नाही.

चिरंजीव दुसऱ्या दिवशी धुळ्यामार्गे एसटीनं हजर. मला वाटलं, रागावेल. तो नुसता माझ्या हाताशेजारी बसून राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "आप्पा, बावीस दिवस तुमचा दिवा हिरवा होता."

"अरे," मी म्हणालो, "आमच्या पॅनेलवर हिरवा म्हणजे बंदच असतो."

तो हसला नाही. मग मी त्याला लॉगशीटची गोष्ट सांगितली. एकाच शाईतल्या चार आकड्यांची. तेव्हा मात्र हसला, आणि हसता हसता डोळे पुसून म्हणाला, "तुम्ही एकटे नाही." मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दोन टेलिफोन कंपन्यांच्या लाइनींनी दगा दिला, सकाळी ११.४० पासून दुपारी पावणेचारपर्यंत व्यवहार बंद राहिले. संकटासाठी उभारलेलं पर्यायी केंद्र होतं, पण त्या दिवशी तिकडे कारभार हलवलाच गेला नाही. मग २ मार्च २०२४ च्या शनिवारी खास बाजार उघडून थोडा वेळ मूळ केंद्रावरून आणि थोडा वेळ पर्यायी केंद्रावरून खरेखुरे सौदे करून बघितले. "राखीव ठेवलेली गोष्ट चालते की नाही, हे चालवल्याशिवाय कळत नाही, आप्पा. मी तुम्हाला रोज फोन करत होतो, पण तपासणी वरवरची होती. 'कसे आहात' हा प्रश्नच चुकीचा. त्याला एकच उत्तर असतं."

आता आमच्याकडे नवी पद्धत आहे. एक किल्ली नानांकडे. हे आमचं तिसरं मत, पहारीशिवायचं. रात्री नऊला चिरंजीव 'कसे आहात' विचारत नाहीत. "आप्पा, दोन्ही हात वर करा. जिन्याच्या चार पायऱ्या चढून दाखवा. आई, आज भाजी कशाची केलीस?" मी कवायत करतो, ही शेवभाजीची वाटी कॅमेऱ्यापुढे धरते. एकदा कालचीच वाटी दाखवायचा प्रयत्न झाला. नातीनं पकडला. खोलवरची तपासणी सात वर्षांच्या मुलीकडे द्यावी. तिला दिव्यांचे रंग फसवत नाहीत.

उलट तपासणीही मीच सुरू केली आहे. "तुझं कसं चाललंय?" असं मी विचारलं की चिरंजीव म्हणत, "ठीक आहे." आता मी विचारतो, "काल रात्री किती वाजता झोपलास?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आवाज आला, "साडेतीन." क्लस्टर उभं राहावं म्हणून जागणाऱ्या माणसाचा दिवा कोणत्याच पडद्यावर नव्हता. तो आता आमच्या घरात आहे.

मी जुन्या सवयीनं एक वही घातली आहे. तीत रोजची नोंद करतो. आजची अशी : हात दोन्ही वर गेले. पायऱ्या चार. भाजी वांग्याची. चिरंजीव बारा वाजता झोपले, असं म्हणतात. वेळ रात्री नऊ.

आणि ही नोंद खरोखर नऊ वाजताच लिहिली आहे.