जुन्या वीराची नवी जन्मकथा

कथा जुनी असली म्हणजे ती जशीच्या तशीच सांगितली पाहिजे, असा आग्रह आपल्याकडील रसिकांनीं कधींच धरला नाहीं. महाभारताच्या आदिपर्वांतील शकुंतलोपाख्यानांत दुर्वासाचा शाप नाहीं आणि मुद्रिकाही नाहीं. तेथील दुष्यंताला सर्व कांहीं आठवत असतें. केवळ लोकापवादाच्या भयानें तो पत्नीस ओळख देत नाहीं. कालिदासानें शापाची व अंगठीची योजना केली आणि तेवढ्यानें नायकाचें शील पालटलें. तेव्हां अमेरिकेंतील चित्रकथाकार आपल्या वीरांच्या जन्मकथा पुनःपुन्हा नव्यानें लिहितात, याबद्दल नाक मुरडण्याचा अधिकार आपणांस नाहीं. फेरफारानें काय साधलें, एवढेंच पाहावयाचें.

घरांतील मुलें जें वाचतात तें वडील माणसांनीं स्वतः वाचून मग बोलावें, असा आमचा नेम आहे. त्याप्रमाणें 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन' या मालेचे आरंभींचे अंक आम्हीं चष्मा पुसून, सावकाश वाचले. ही माला ऑक्टोबर २०२४ मध्यें सुरू झाली. लेखक स्कॉट स्नायडर व चित्रकार निक ड्रॅगोटा.

मूळ बॅटमॅन बॉब केन व बिल फिंगर यांनीं निर्मिला आणि तो १९३९ सालीं 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकांत प्रथम अवतरला. त्याची जन्मकथा त्याच वर्षीं ३३ व्या अंकांत अवघ्या दोन पृष्ठांत आली. चित्रपट पाहून घरीं परतत असतां लहानग्या ब्रूस वेनच्या डोळ्यांदेखत एक लुटारू त्याच्या आईबापांस गोळ्या घालतो. मुलगा शपथ घेतो, वडिलार्जित संपत्तीच्या बळावर शरीर व बुद्धि कमावतो, आणि खिडकींतून आलेलें वटवाघूळ पाहून तोच वेष धारण करतो. १९८७ मध्यें फ्रँक मिलर व डेव्हिड मॅझुकेली यांनीं हीच कथा चार अंकांत पुन्हा सांगितली व गॉर्डन या पोलीस अधिकाऱ्यास नायकाच्या बरोबरीचें स्थान दिलें. परंतु वाडा, पैसा आणि पोरकेपणा यांना त्यांनींही धक्का लावला नाहीं.

नव्या मालेंत हे तीनही आधार काढून घेतले आहेत. येथील ब्रूस सामान्य वस्तींत वाढलेला अभियंता आहे. आई जिवंत आहे. वडील श्रीमंत डॉक्टर नसून शाळामास्तर होते. मुलांना प्राणिसंग्रहालय दाखविण्यास नेलें असतां तेथें झालेल्या गोळीबारांत, त्या मुलांना वाचवितांना, ते प्राणास मुकले. धन व ऐश्वर्य आतां प्रतिनायक जोकर याच्याकडे गेलें आहे.

आम्हीं उभा जन्म शाळेंत घालविला. मुलांची रांग घेऊन सहलीस निघालेल्या मास्तरांचें सारें लक्ष रांगेच्या शेवटच्या मुलाकडे कसें असतें, हें आम्ही जाणतों. त्यामुळें तीं पानें आमच्यानें शांतपणें वाचवलीं नाहींत. तथापि केवळ स्वजातीच्या अभिमानानें आम्ही हा बदल वाखाणीत नाहीं. जुन्या कथेंत मुलाच्या वांट्यास वैर येतें आणि तें फेडावयास पैसा येतो. नव्या कथेंत त्याच्या वांट्यास ऋण येतें. बाप दुसऱ्यांच्या लेंकरांसाठीं मेला, म्हणून मुलानेंही परक्यांसाठीं उभें राहावें, हा वारसा धनावांचून चालविता येतो. आपल्या शास्त्रांत ऋषिऋण अध्ययनानें फेडतात. हा तरुणही आपलीं साधनें विकत न घेतां स्वतःच्या विद्येनें घडवितो. शिवाय पूर्वीचा बॅटमॅन रात्रीं परतला नाहीं तर वाट पाहणारें रक्ताचें कोणी नव्हतें. आतां एका पुत्रास गमावण्याचें भय एका विधवेच्या दारांत उभें आहे. पराक्रमाची खरी किंमत घरच्यांना द्यावी लागते, हें मुलांना यांतून कळावें.

एक दोष मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. या वीराचा देह अवाढव्य, आणि छातीवरील वटवाघळाचें चिन्ह काढून तो कुऱ्हाडीसारखें चालवितो. रक्तपात सढळ आहे. ज्याच्या बापानें हिंसेपासून मुलांना आडोसा दिला, त्याच्या हातीं कुऱ्हाड देतांना लेखकाचा हात थोडा अडखळावयास हवा होता. चित्रकाराचें कौशल्य निःसंशय आहे. परंतु कौशल्यानें रेखाटलेला क्रूरपणा अधिकच ठसतो.

म्हणून आमचें मत असें: दहा-बारा वर्षांच्या मुलांहातीं हे अंक देऊं नयेत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना अवश्य द्यावेत. मात्र सोबत १९३९ ची जुनी कथाही वाचावयास द्यावी आणि त्या मास्तरांना आपल्या मुलाची कुऱ्हाड आवडली असती काय, हें त्यांना विचारावें. मुलें काय उत्तर देतात, तें ऐकण्यास घरांतील वडील मंडळींनीं अर्धा तास मोकळा ठेवावा.