एका दांत्याचा फरक

सारा जन्म शब्दरूपें आणि धातुरूपें घोकवून घेण्यांत घालविलेल्या आमच्यासारख्या मनुष्यानें मोटारीच्या इंजिनाविषयीं लिहावें, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. आमच्या घरींही तें तसेंच वाटलें. परंतु ज्या घरांतील पंधरा माणसें एका मोटारीवर अवलंबून आहेत, त्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींनीं तिच्या पोटांत काय चालतें हें मुळींच जाणूं नये, आणि दुरुस्तीचें बिल तेवढें मुकाट्यानें द्यावें, हें आम्हांस कधींच पटलेलें नाहीं. स्वयंपाक कोणीही करो, डाळ शिजली कीं नाहीं हें ओळखण्यापुरतें ज्ञान घरांतील सर्वांस असावें लागतें. त्यांतलाच हा प्रकार आहे.

आमची मोटार मारुती आठशे, १९९८ सालची, तीन सिलिंडरांची व कार्ब्युरेटरची. तिची निगा आमचा पुतण्या राखतो. एरवीं ती बाजारहाटास, लग्नामुंजीस लागे. परंतु गेलीं कांहीं वर्षें वहिनींना आठवड्यांतून दोन दिवस डायलिसिससाठीं तालुक्याच्या गांवीं न्यावें लागतें. आमचें गांव घाटाखालीं, वाट एकोणतीस किलोमीटरांची, मध्यें मोठा चढ, आणि एस्. टी. सकाळची एकच. सात वाजतां यंत्रावर त्यांची पाळी असते. ती चुकली तर दुसऱ्या कोणाची पाळी मोडल्यावांचून पुन्हां मिळत नाहीं. तेव्हां गाडी वाटेंत थांबूं नये, एवढी एकच अपेक्षा आम्ही तिच्याकडून करतों.

२०२३ सालच्या पावसाळ्यापूर्वीं पुतण्यानें सांगितलें, "काका, टायमिंग बेल्टची मुदत भरली, तो बदलला पाहिजे." हा पट्टा म्हणजे काय, तो तुटल्यास काय होतें, आणि बदलतांना 'टायमिंग लावणें' म्हणून जें म्हणतात तें काय, हें आम्ही त्या वेळेपासून विचारूं लागलों. या टायमिंगला मराठींत काय म्हणावें, यावरही आम्हीं विचार केला. संस्कृतांतील 'समय' हा शब्द येथें बरोबर बसतो. सम् उपसर्ग आणि जाणें या अर्थाचा 'इ' धातु मिळून तो झाला; त्याचा मूळ अर्थ एकत्र येणें, मेळ, ठराव असा. काळ हा अर्थ त्या मेळांतूनच निघाला. इंजिनाचा सारा संसार अशा मेळावर चालतो.

निकोलस ऑटो या जर्मन गृहस्थानें १८७६ सालीं जें चार आघातांचें इंजिन चालवून दाखविलें, त्याचाच क्रम आजच्या पेट्रोलच्या मोटारींत आहे. पिस्टन खालीं जातो तेव्हां पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण आंत येतें. वर येतो तेव्हां तें दाबलें जातें. मग ठिणगी पडून स्फोट होतो व पिस्टन खालीं ढकलला जातो. पुन्हां वर येतांना तो जळलेला धूर बाहेर लोटतो. या चार हालचालींत क्रँकशाफ्टचे, म्हणजे खालच्या मुख्य दांड्याचे, दोन फेरे होतात. मिश्रण आंत घेणारी झडप आणि धूर बाहेर सोडणारी झडप या मात्र तेवढ्या अवधींत एकेकदांच उघडावयाच्या. म्हणून झडपा उघडणारा वरचा दांडा, ज्यास कॅमशाफ्ट म्हणतात, तो खालच्याच्या बरोबर निम्म्या गतीनें फिरला पाहिजे. खालच्या चाकास वीस दांते, तर वरच्यास चाळीस. या दोन चाकांस जोडणारा जो दांतेरी रबरी पट्टा, तोच टायमिंग बेल्ट.

घड्याळाचे तास-कांटा व मिनिट-कांटा डोळ्यांपुढें आणावे. दोन्ही आपापल्या गतीनें अचूक फिरत आहेत. पण मिनिट-कांटा बारावर असतांना तास-कांटा तीन आणि चार यांच्या मधोमध उभा आहे. यंत्र निर्दोष आहे, गति निर्दोष आहे, आणि तरी घड्याळ निरुपयोगी आहे! पट्टा चुकीच्या दांत्यावर बसलेल्या इंजिनाची अवस्था नेमकी अशी होते.

पूर्वीं हें काम लोखंडी साखळी करीत असे. ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या आपल्या परिचयाच्या गाड्यांत साखळीच होती, आणि आजही पुष्कळ नव्या इंजिनांत ती आहे. दांतेरी पट्टा १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत निघाला. शिवणयंत्रांतील सुई आणि बॉबिन यांचा मेळ राखणें हें त्याच्या पहिल्या कामांपैकीं एक. मोटारींत तो मोठ्या प्रमाणावर आणला जर्मनीच्या ग्लास १००४ या छोट्या गाडीनें, १९६२ सालीं. पट्टा हलका, आवाज न करणारा आणि तेलावांचून चालणारा. त्याचा दोष एकच. साखळी झिजली कीं खडखडून तक्रार करते. पट्टा एके दिवशीं कांहींएक न बोलतां तुटतो. म्हणून त्याचें आयुष्य किलोमीटर आणि वर्षें अशा दोन मापांनीं मोजतात, व जें आधीं भरेल तें खरें धरतात. कित्येक गाड्यांस साठ हजारांपासून लाख किलोमीटरांपर्यंत मुदत देतात; परंतु ज्याची गाडी त्यानें तिच्याबरोबर मिळालेलें पुस्तक पाहावें, शेजाऱ्याच्या गाडीवरून अनुमान काढूं नये.

आमचा पट्टा तालुक्याच्या गांवच्या एका गॅरेजांत बदलला गेला. सकाळीं दिलेली गाडी दुपारीं परत मिळाली, आणि एवढ्या जलदीचें आमच्या घरीं कौतुकही झालें. परंतु दुसऱ्याच खेपेस चढावर गाडी दमूं लागली. जो चढ ती तिसऱ्या गिअरवर काढीत असे, तेथें दुसरा घालावा लागला, आणि पेट्रोलही अधिक जाऊं लागलें. गॅरेजवाल्यानें प्रथम पेट्रोलांत भेसळ आहे असें सांगितलें; मग प्लग बदलले; मग कार्ब्युरेटर उघडून धुतला. प्रत्येक वेळीं बिल झालें आणि प्रत्येक वेळीं वहिनी त्याच दमलेल्या गाडींतून चढ चढून गेल्या. एके दिवशीं ऐन घाटांत, पावसांत, गाडी दोनदां बंद पडली. वहिनींस यंत्रावर बसावयास पाऊण तास उशीर झाला व त्या दिवशीं त्यांस अपुरा वेळ घेऊन परतावें लागलें. तिसऱ्या फेरींत गॅरेजवाल्यानें दिव्याचें एक उपकरण लावून आम्हांस दाखविलें कीं, ठिणगीची वेळ अगदीं बरोबर आहे. तें खरेंही होतें. आणि तेथेंच सारी मेख होती.

चाळीस दांत्यांच्या चाकावर एक दांता म्हणजे नऊ अंश. खालचा दांडा दुप्पट फिरतो, म्हणून त्याच्या हिशेबानें अठरा अंश. पट्टा एका दांत्यानें मागें बसला, तर झडपा अठरा अंश उशिरा उघडतील व उशिरा मिटतील. आतां आमच्या गाडींत ठिणगी वांटणारा डिस्ट्रिब्युटरही त्याच कॅमशाफ्टवरून फिरतो. म्हणून ठिणगीलाही तितकाच उशीर झाला. गॅरेजवाल्यानें दिवा लावून ठिणगीचा उशीर पाहिला आणि डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून ती वेळेवर आणली. झडपांचा उशीर मात्र तसाच राहिला, आणि तो पाहण्यास त्या दिव्याला डोळे नाहींत. विद्यार्थ्यानें गणिताची रीत चुकवावी आणि उत्तर मागच्या पानावरून पाहून बरोबर लिहावें, तसा हा प्रकार. असें उत्तर ओळखण्यांत आमचीं छत्तीस वर्षें गेलीं; पण इंजिनाच्या बाबतींत तें आम्हांस ओळखतां येणें शक्य नव्हतें.

तें ओळखलें दुसऱ्या गांवच्या एका वृद्ध मिस्त्रींनीं. त्यांनीं चढावरची तक्रार ऐकून एवढेंच विचारलें, "पट्टा कधीं बदलला?" मग "गुरुजी, बसा. दिवस जाईल," म्हणून काम आरंभिलें. आम्ही समोर खुर्ची टाकून बसलों, पुतण्या जवळ उभा राहिला.

त्यांनीं बॅटरीची तार सोडली, गाडी न्यूट्रलमध्यें ठेविली आणि तिन्ही प्लग काढले, म्हणजे इंजिन हातानें हलकें फिरतें. बाहेरची पुली उतरवून झांकण काढलें. पुष्कळजण चुकतात ते येथेंच. बाहेरच्या पुलीवर किंवा फ्लायव्हीलवर जी खूण असते ती ठिणगी पाहण्यासाठीं. पट्ट्यासाठींची खूण आंतल्या लहान दांतेरी चाकावर असते, आणि पुली काढल्यावांचून ती दिसत नाहीं. मिस्त्रींनीं पान्यानें इंजिन सावकाश फिरवून खालची खूण तिच्या समोरच्या बाणाशीं आणली आणि वर बोट दाखविलें. वरच्या चाकाची खूण आपल्या जागेपासून एका दांत्यानें मागें होती. आम्हीं चष्मा पुसून दोनदां पाहिलें.

"पांढऱ्या रंगाचे ठिपके देऊन पट्टा चढवलाय," ते म्हणाले. आदल्या गॅरेजांत जुना पट्टा काढण्याआधीं त्यावर व चाकांवर रंगाचे ठिपके दिले होते आणि तेच नव्यावर मोजून उतरविले होते. इंजिनाच्या स्वतःच्या खुणा पाहण्याचे कष्ट कोणीं घेतले नव्हते. ठिपके देणें हें वाईट नाहीं. पण तें आठवणीपुरतें.

पट्टा उतरविल्यावर मिस्त्रींनीं वरच्या व खालच्या दोन्ही दांड्यांस हात लावूं दिला नाहीं. पट्टा नसतांना एक फिरला आणि दुसरा राहिला, तर कित्येक इंजिनांत उघडी झडप पिस्टनवर आपटते आणि वांकते. धांवत्या गाडीचा पट्टा तुटला असतां हेंच होतें, आणि मग दुरुस्तीचा आंकडा पट्ट्याच्या किंमतीच्या कितीतरी पट होतो. त्यांनीं तेलाच्या सीलमधून गळती नाहीं ना हें पाहिलें, कारण तेल लागलेलें रबर फुगतें. ताण देणारी टेन्शनरची चकती हातानें फिरवून तिचा आवाज ऐकला व ती बदलावयास सांगितली. ज्या इंजिनांत पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालतो, तेथें तोही याच वेळीं बदलून घ्यावा, असें त्यांचें मत पडलें. नवा पट्टा त्यांनीं दुमडूं दिला नाहीं. दुमडल्यानें त्याच्या आंतले कांचतंतु मोडतात.

दोन्ही खुणा जुळवून पट्टा चढवितांना त्यांनीं सैलपणा सारा टेन्शनरच्या बाजूस घेतला आणि दुसरी बाजू ताठ ठेविली. आदल्या कामांत बहुधा येथेंच घसरलें असावें. ताठ बाजूस थोडी ढील राहिली, तर पट्टा चढतांना खुणा जुळलेल्या दिसतात. पण ताण दिला कीं ती ढील भरून काढण्यासाठीं चाक सरकतें, आणि खूण एका दांत्यानें ढळते.

मग पुतण्या चावी घेऊन पुढें झाला. मिस्त्री म्हणाले, "चावी खिशांत ठेवा. आधीं पान्यानं दोन फेरे."

हे दोन फेरे हातानेंच कां, आणि दोनच कां, हें सांगितलें पाहिजे. खालच्याच्या दोन फेऱ्यांत वरचा दांडा एक पूर्ण फेरा करतो, म्हणजे इंजिनाचा सबंध क्रम एकदां होतो. झडप आणि पिस्टन यांची कोठें गांठ पडत असेल, तर हातास अडल्यासारखें लागतें. तेथें जोर न करतां थांबावें व मागचें सारें काम पुन्हां तपासावें. तेंच स्टार्टरनें फिरविलें, तर अडल्याचें कळण्यापूर्वींच झडप वांकलेली असते. शिवाय या दोन फेऱ्यांत पट्टा चाकांवर नीट बसतो, टेन्शनरचा ताण सारखा होतो, आणि मग खुणा पुन्हां जुळल्या तरच टेन्शनर पक्का आवळतां येतो. फिरवावयाचें तें इंजिन ज्या दिशेनें चालतें त्याच दिशेनें. खूण थोडी पुढें गेली म्हणून उलट फिरवूं नये, पुन्हां दोन फेरे करावे.

दोन फेरे झाले, दोन्ही खुणा आपापल्या जागीं आल्या. एवढ्यांत पुतण्या घाबरला. नव्या पट्ट्यावरच छापलेल्या दोन रेघा आतां कोठल्या कोठें गेल्या होत्या. मिस्त्री हंसले, पण कारण सांगण्याची पाळी आमची होती. समजा, पट्ट्यास एकशें चार दांते आहेत आणि वरच्या चाकास चाळीस. तीच रेघ त्याच दांत्यावर पुन्हां केव्हां येईल? दोहोंचा लघुतम साधारण विभाज्य पांचशें वीस. म्हणजे वरच्या चाकाचे तेरा फेरे, खालच्याचे सव्वीस. पट्ट्यावरच्या रेघा चढवितांना उपयोगी पडतात, तपासतांना नव्हे. सातवीच्या मुलांस ल. सा. वि. शिकवून झाल्यावर हा कशास हवा असें तीं विचारीत, तेव्हां हें उदाहरण आम्हांजवळ असतें तर फार बरें झालें असतें.

शेवटीं डिस्ट्रिब्युटर मूळ जागीं आणून ठिणगीची वेळ दिव्यानें पुन्हां लावली. तो क्रमच असा आहे, आधीं झडपांचा मेळ आणि मागून ठिणगीचा. गाडी पहिल्या फिरकीस सुरू झाली. काम पांच तासांचें झालें. मजुरी पहिल्या गॅरेजापेक्षां अधिक पडली, आणि तरी आदल्या तीन महिन्यांतल्या निष्फळ बिलांच्या बेरजेपुढें ती थोडीच होती.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या गाडीस पट्टा आहे, त्यांनीं तो बदलून घेतांना मिस्त्रीस दोनच गोष्टी विचाराव्या: आंतल्या चाकाची खूण दाखवाल काय, आणि चावी लावण्याआधीं हातानें दोन फेरे कराल काय. चांगला कारागीर या प्रश्नांनीं रागावत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. रागावला, तर गाडी परत आणावी.

पुढल्या मंगळवारीं चढावर गाडीनें तिसरा गिअर सोडला नाहीं. वहिनी साडेसहालाच रुग्णालयाच्या बांकावर जाऊन बसल्या होत्या. पट्टा बदलल्याची तारीख आणि किलोमीटरांचा आंकडा पुतण्यानें बॉनेटच्या आंतल्या बाजूस रंगानें लिहून ठेविला आहे. अक्षर तेवढें त्याचें अजून सुधारलेलें नाहीं.