मागची टाच

बॉक्सरचं चित्र काढायला बसलेला माणूस आधी ग्लोव्ह काढतो. ते सोपंही असतं. बोटं काढताना भल्याभल्यांची भंबेरी उडते. इथे पाचही बोटं चामड्यात बंद. पण ठोसा मुठीतून निघत नाही. मागच्या पायाचा चवडा जमिनीवर वळतो, टाच उचलली जाते, कंबर फिरते, मग खांदा येतो आणि सगळ्यात शेवटी हात सुटतो. म्हणून मी खालून वर काढत जाते. टाच टेकलेली राहिली, तर वरचा हात कितीही ताणा, बाई टॅक्सीला हात करतेय असंच वाटतं.

बायकांच्या बॉक्सिंगच्या चाहत्यांनी काढलेल्या चित्रांत ही टाच क्वचितच उचललेली दिसते. मोकळे केस मात्र हमखास! डोळ्यांवर येणारे केस घेऊन रिंगमध्ये कोण उतरेल? ते डोक्यालगत घट्ट वेण्यांत बांधलेले असतात. दुसरा हात नाटकी झोकात मागे फेकलेला. खऱ्या लढतीत तो गालाशीच हवा, नाहीतर समोरचीचा हूक तिथेच बसणार. आणि बगलेखाली, बरगड्यांवर बोटांसारखा उमटणारा सेराटस हा स्नायू. खांद्याचं पातं तोच पुढे ओढतो, म्हणून त्याला बॉक्सरचा स्नायू म्हणतात. पुरुषाच्या चित्रात तो आवर्जून रंगवणारे हात बाईच्या चित्रात तिथे गुळगुळीत कातडी पसरतात. मला याचा राग येतो. पण डोळ्यांना सवय तरी कुठून व्हावी? जॉर्ज बेलोजने पुरुषांच्या लढतीचं ‘स्टॅग अ‍ॅट शार्कीज’ हे चित्र 1909 साली रंगवलं; ऑलिंपिकच्या रिंगमध्ये पदकासाठी बायका उतरल्या 2012 साली, लंडनला.

डिजिटल चित्रकारांची एक सवय इथे गोत्यात आणते. चूक सापडावी म्हणून आम्ही कॅन्व्हास आरशासारखा उलटा करून बघतो. चेहऱ्याचं व्यंगचित्र झालं असेल तर लगेच कळतं. पण बॉक्सर उलटी केली की डावा पाय पुढे ठेवणारी ऑर्थोडॉक्स बाई साउथपॉ, म्हणजे उजवा पाय पुढे ठेवणारी, होते. काहीजण उलटं चित्रच जास्त छान दिसतं म्हणून तसंच ठेवतात. केटी टेलर आणि अमांडा सेरानो या बॉक्सरांच्या लढतीच्या चित्रात तसं केलं तर सगळी लढतच पुसली जाते.

30 एप्रिल 2022, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. तिथल्या कार्यक्रमाची मुख्य लढत बायकांची असण्याची ती पहिलीच वेळ. टेलर ऑर्थोडॉक्स, सेरानो साउथपॉ. म्हणजे एकीचा डावा आणि दुसरीचा उजवा पाय समोरासमोर. दोघींनाही आपलं पाऊल दुसरीच्या पावलाच्या बाहेरच्या बाजूला हवं असतं, कारण तिथून मागच्या हाताचा सरळ ठोसा घालायला वाट मिळते. पुढचे हात एकमेकींवर आपटत राहतात. मी ती दोन पावलं आधी ठरवते. त्यांच्यातलं वीतभर अंतर बिघडलं, तर वरचे चेहरे हुबेहूब असूनही उपयोग नाही.

फेऱ्या 10, प्रत्येकी 2 मिनिटांच्या. पुरुषांच्या फेरीपेक्षा मिनिटभर कमी, त्यामुळे रेंगाळणं जवळजवळ नाहीच. व्हिडिओ कुठेही थांबवा, कुणीतरी वळत असतं. मी पाचवी फेरी निवडते. तीत सेरानोने टेलरला पार हलवून सोडलं, नाकातून रक्त काढलं. पंचांच्या विभागलेल्या कौलाने लढत शेवटी टेलरनेच जिंकली, त्यामुळे तिचे चाहते विचारतात, विजेतेपदाचा पट्टा उंचावलेली टेलर का नाही काढत? तशी चित्रं ढिगाने आहेत आणि एकसारखी आहेत.

नाकाचं रक्त मी अगदी शेवटी, वेगळ्या लेअरवर काढते. भुवयांवरच्या व्हॅसलिनची चमकही तेव्हाच. आधी लाल रंग पडला की माझीच नजर तिथे अडकते आणि पाय कच्चे राहतात. रक्ताचा लेअर बंद करूनही टेलर संकटात दिसली पाहिजे. दिसत नसेल तर मी पुन्हा तिच्या गुडघ्यांपाशी जाते.