तिकीट आपलं, कामही आपलंच!

नाटकाला जाणारा माणूस नाटकाचं तिकीट काढतो, असा एक समज आहे. माझ्या मते तो खुर्चीचं तिकीट काढतो. अंधारात पाठ टेकून दुसऱ्याच्या संसाराचा विचका बघण्याचा हक्क त्या खुर्चीबरोबर मिळतो. हॅम्लेट मरो की तळीराम, मध्यंतरात बटाटेवडा मिळणार याची खात्री असते.

ही खुर्चीच काढून घेणारी मंडळी जगात आहेत. पोलंडच्या ग्रोटोव्हस्कीने १९६२ साली ‘कॉर्दियान’मध्ये प्रेक्षकांना इस्पितळातल्या खाटांवर बसवलं. बादल सरकारांनी रंगमंचालाच रजा दिली. त्यांचं ‘जुलूस’ अमोल पालेकरांनी दादरच्या छबिलदास शाळेत केलं, तेव्हा नट प्रेक्षकांतूनच वाट काढत फिरत. न्यूयॉर्कला २०११ पासून २०२५ पर्यंत चाललेल्या ‘स्लीप नो मोअर’मध्ये तर लोक मुखवटे घालून मॅक्बेथच्या मागोमाग मजलोमजली हिंडत. हे सारं मी वर्गात फार रंगवून सांगतो. वर्गात कसलाच धोका नसतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या काही माजी विद्यार्थ्यांनी मुळशीला असाच एक प्रयोग ठेवला. “सर, काकूंनाही आणा. चालायचे बूट घाला,” असा निरोप आला. सौभाग्यवती म्हणाल्या, “म्हणजे तिकीटही आपणच काढायचं आणि कामही आपणच करायचं?” नव्या रंगभूमीची इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्याही ग्रंथात वाचलेली नाही.

पौड मागे टाकून आम्ही तीसेक माणसं पाण्याजवळच्या एका माळावर जमलो. मुळशीचं पाणी आम्हा पुणेकरांना माहीत असतं ते पावसाळी सहलीपुरतं, भाजलेल्या कणसासकट. पण त्या पाण्याखाली गावं आहेत. मुळा नदीवर टाटांचं धरण होऊ लागलं, तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण झालंच. पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरलं आणि त्याची वीज मुंबईला गेली.

नाटक त्याचंच होतं. प्रत्येकाच्या हातात एकेक चिठ्ठी दिली: तुम्ही अमुक घराचे खातेदार. माझ्या वाट्याला दोन खणांचं घर आणि एक आंब्याचं झाड आलं. मोजणीदार झालेला पोरगा साखळी ओढत आमच्यामधून गेला, चुन्याच्या रेघा मारल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “कुणाची हरकत?”

आम्ही सारे गप्प. नाटकात बोलायचं नसतं, हे संस्कार लहानपणापासूनचे.

तेवढ्यात मागून आवाज आला, “हाय की! इचारल्याबिगर मोजतोस कसा रं?”

चहाच्या टपरीवरच्या आजी गंमत बघायला येऊन उभ्या होत्या. ना तिकीट, ना चिठ्ठी. पोराच्या संहितेत हे वाक्य नव्हतं. त्याने साखळी खाली ठेवली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “आजी, तुमचं घर कुठलं?”

आजींनी पाण्याकडे बोट केलं. “आमच्या सासऱ्याचं. तितं हुतं.”

प्रयोग पुढे पार पडला. टाळ्याही झाल्या. पण मला त्यानंतरचं फारसं आठवत नाही.

परतताना गाडीत वाद झाला. कुणी म्हणालं, हे परदेशी खूळ. मला ते पटलं नाही. आपल्या घरी लग्नानंतर गोंधळ घालतात, तेव्हा कुठे खुर्ची असते? घरच रंगमंच, घरची माणसं दिवटीत तेल घालतात, उदोकार सगळ्यांनीच करायचा. फरक आहे तो निराळाच. गोंधळात देवीही आपली आणि नवसही आपला. मुळशीला मात्र आम्ही दुसऱ्याचं दुःख दोन तास चिठ्ठीवर वापरायला घेतलं होतं. ज्यांचं ते होतं, त्यांना निमंत्रण नव्हतं.

“पुढच्या प्रयोगाला आजींना आधी बोलवा, तिकीट मागू नका,” असं सौभाग्यवतींनी त्या मुलांना तिथल्या तिथे बजावलं होतं. मुलांनी ते मानलंही.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात प्रेक्षकाला ‘सामाजिक’ असा एक सुंदर शब्द आहे. दरवर्षी मी तो फळ्यावर लिहितो आणि अर्थ सांगतो. यंदा अर्थ सांगताना आजींचा दाखला दिला. मुलांना चटकन कळलं.